काळा प्लग आणि फटाके मारणारा सायलेन्सर

कोल्हापूर,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय अवधूत,

तुझं पत्र मिळालं. फोन न करता लिहिलंस ते फार बरं केलंस. फोनवर तू ‘गाडी नीट चालत नाही’ म्हणाला असतास, मी ‘कार्बोरेटर साफ कर’ म्हणालो असतो आणि विषय संपला असता. पत्रात तू गाडी कुठे, केव्हा, काय करते ते ओळीने लिहिलंयस आणि अर्धं निदान तिथेच झालंय. माझंही उत्तर लांबणार आहे. हे कागद गाडीशेजारी पान्याखाली दाबून ठेव आणि काळ्या हातांनी खुशाल उलटत जा.

मला समजलं ते आधी मांडतो, चुकलं असेल तर कळव. पावसाळाभर बुलेट शेडमध्ये उभी होती. बाहेर काढल्यापासून सकाळी चोकशिवाय इंजिन धरत नाही. गरम झाल्यावरही स्लोवर टिकत नाही, म्हणून तू चोक अर्धा ओढूनच गावातून फिरतोस. पोलीस बाजारच्या उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाके. ट्रॅफिकमध्ये थांबलास की रेस लगेच खाली येत नाही, वर लटकते आणि मग एकदम इंजिन बंद. पहिला मेकॅनिक म्हणाला, पेट्रोल कमी पडतंय, आणि त्याने मोठा मेन जेट घातला. फटाके थांबले नाहीत, उलट नाँगपोहचा चढ चढताना गाडी आता घुसमटते, काळा धूर सोडते, ॲव्हरेजही पडलं. दुसऱ्याने प्लग काढला, तो काजळीने काळा. तो म्हणाला, पेट्रोल जास्त होतंय, शिलाँगच्या उंचीमुळे आहे, जेट लहान करा. आता तू मला विचारतोस की दोघांतला खरा कोण.

दोघेही खरं बोलले. पहिल्याने रोग बरोबर ओळखला, औषध भलत्या जागी लावलं. दुसऱ्याने त्या औषधाचा परिणाम बघितला आणि त्यालाच रोग समजला. तुझ्या गाडीत या घडीला दोन दोष एकत्र नांदतायत. खालच्या रेसवर ती लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पूर्ण रेसवर ती रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. पहिला दोष मुळातला, दुसरा जेट बदलून आलेला. दोन्हींची लक्षणं एकत्र कानावर आणि डोळ्यांवर आली की माणूस गोंधळणारच.

हे कसं होऊ शकतं ते नीट समजून घे, कारण ते समजलं की पुढचं काम सोपं आहे. इंजिन पेट्रोल ‘ओढतं’ असं आपण म्हणतो, पण खरं तर हवा त्याला ढकलते. पिस्टन खाली जातो, हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जोरात धावते आणि धावत्या हवेचा दाब तिथे कमी होतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. त्या दाबातल्या फरकाने पेट्रोल जेटमधून वर येतं. आता मूठ किती पिळली आहे त्याप्रमाणे पेट्रोलच्या वाटा बदलतात. तुझ्या जुन्या कास्ट आयर्न ३५०ला व्हीएम २४ कार्बोरेटर आहे, मिकुनीच्या घराण्यातला. त्यात मूठ बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू यांचं राज्य. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला जो तिरका काप असतो, त्याचं. पावापासून पाऊणपर्यंत सुई आणि ती ज्या नळीत खालीवर होते ती नळी. मेन जेट हा पाऊण मुठीच्या वर गेल्यावरच खऱ्या अर्थाने बोलायला लागतो. सीमा काटेकोर नसतात, एकीतून दुसरीत सरमिसळ होते, पण एवढं पक्कं की स्लोवरच्या तक्रारीला मेन जेट बदलून काहीही होत नाही. शिलाँगच्या गल्ल्यांत तू पाऊण मूठ उघडतोस तरी कधी? तो मोठा जेट गावात गप्प बसून राहिला आणि चढावर पूर्ण रेस मिळताच पेट्रोल ओतू लागला.

फटाक्यांचंही कारण ऐक. मूठ बंद करून उतार उतरताना इंजिनाला फक्त पायलटमधून पेट्रोल मिळतं. ते इतकं कमी पडलं की मिश्रण सिलिंडरमध्ये पेटतच नाही, न जळता बाहेर जातं आणि गरम सायलेन्सरमध्ये पोचल्यावर पेटतं. रेस लटकून राहणं हीसुद्धा लीनचीच ओळख. आणि सगळ्यात पक्का पुरावा तू स्वतःच देतोयस: गरम इंजिनाला चोक अर्धा ओढला की बरं वाटतं. व्हीएम कार्बोरेटरचा चोक हवा अडवत नाही, जादा पेट्रोलची एक वेगळी वाट उघडतो. जादा पेट्रोल दिल्यावर सुधारते ती गाडी पेट्रोलला भुकेलेलीच असणार. रिच गाडीला चोक लावून बघ, ती आणखी घुसमटेल.

मग प्लग काळा का? तू नाँगपोहहून उमियमच्या तलावापर्यंत पूर्ण रेसवर चढून आलास, मोठ्या जेटने काजळी धरली, मग चोक ओढून गावातून घरी आलास, आणखी काजळी धरली, आणि मग प्लग काढून दाखवलास. त्या प्लगने खोटं काही सांगितलं नाही. फक्त तो कोणत्या रेसवरचा प्लग आहे हे कुणी विचारलं नाही. प्लग वाचायचा तर एका ठरावीक रेसवर गाडी चालवून, तिथेच इंजिन बंद करून वाचायचा असतो. त्याची रीत पुढे सांगतो.

आता उंचीबद्दल, कारण दुसऱ्या मेकॅनिकचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. शिलाँग दीड हजार मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण १४ टक्के विरळ. हवा विरळ झाली की गळ्यातला दाबाचा फरकही कमी होतो, त्यामुळे पेट्रोलही थोडं कमी येतं, पण हवा जितकी घटते तितकं नाही. हिशेब वर्गमुळाचा आहे. मिश्रण सुमारे ७ टक्के रिच होतं, १४ नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवा जवळजवळ ३० टक्के विरळ आणि मिश्रण २० टक्क्यांच्या आसपास रिच. तिथे जेट बदलण्याला अर्थ आहे. तुझी बुलेट मद्रासच्या कारखान्यातली, १९५५ पासून जिथे बुलेट बनू लागली त्या समुद्रकाठच्या गावातली. तेव्हा तिचा जेट समुद्रसपाटीचा धरू.

पण दुसरीकडे पेट्रोल बदललंय, त्यात आता इथेनॉल मिसळलेलं असतं. १ किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला लागते साधारण साडेतेरा किलो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी लावलेला जुना कार्बोरेटर आजच्या पेट्रोलवर ७-८ टक्के लीन चालतो. गंमत बघ अवधूत, शिलाँगची उंची गाडीला जेवढी रिच करते, जवळजवळ तेवढंच इथेनॉल तिला लीन करतं. दोघांनी एकमेकांचा हिशेब फेडून टाकला. कारखान्यातून आलेला जेट तुझ्या गावात जवळपास बरोबर बसायला हवा, आणि म्हणूनच माझा उंचीवर विश्वास नाही.

याला तुझ्याच पत्रात साक्ष आहे. तू लिहिलंस की मागे गुवाहाटीला गेलास तेव्हा खाली फटाके वाढले होते. गुवाहाटी पन्नासेक मीटरवर. उंचीमुळे गाडी रिच होत असती तर शंभर किलोमीटर उतरून दाट हवेत गेल्यावर ती सुधारली असती. ती बिघडली, कारण आधीच लीन असलेल्या गाडीला आणखी हवा मिळाली. आपण गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीला जायचो तेव्हा अशीच परीक्षा आपोआप व्हायची. तुझ्याकडे तर तिप्पट उंचीचा उतार आहे, डावकीला गेलास तरी तेच. गाडी तपासायला यापेक्षा चांगला रस्ता मिळणार नाही.

तर खालच्या रेसवर लीन का? दोनच संशयित आहेत. एक, पायलट जेट चोंदलाय. दोन, कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधून गाडी एअर घेतेय. माझा कौल पायलटकडे आहे, कारण गाडी महिनोन् महिने उभी होती. वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट पिवळा थर राहतो, आणि सगळ्यात बारीक भोक पायलटचं असल्यामुळे सगळ्यात आधी तेच बुजतं. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, आणि पाणी धरायला मेघालयाच्या पावसाळ्याहून उत्तम जागा कोणती? पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, जिथून कॉक पेट्रोल घेतो. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सुटा करून खाली पाठवतं तो वेगळाच.

पण थांब. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी बाकीचं बघायचं. इथल्या उद्यमनगरात आपण मिस्त्रींच्या हाताखाली उभे राहायचो तेव्हा त्यांनी ही शिस्त लावली होती, आणि इतक्या वर्षांत ती चुकीची ठरल्याचं मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक ‘कार्बोरेटर ट्यून करा’ म्हणून यायचं आणि दोष पॉइंटमध्ये निघायचा. कमजोर ठिणगीनेही प्लग काळा होतो, मिसफायरचे फटाके सायलेन्सरमधूनच येतात. म्हणून पॉइंट उघडून बघ. तोंडं जळली असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ कर, गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेव. पॉइंटमध्ये निळसर मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदल, स्वस्त आहे. रात्री, धुकं असताना, अंधारात इंजिन चालू करून प्लगच्या वायरीकडे आणि टोपीकडे बघ. करंट लीक होत असेल तर बारीक निळ्या रेषा नाचताना दिसतील. तुमच्या दमट हवेत हा दोष कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा जास्त सापडेल.

टॅपेट थंड इंजिनावर बघ. कास्ट आयर्न बुलेटला फीलर गेज लागत नाही. कव्हर काढ, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आण, पुशरॉड बोटांनी गरगर फिरला पाहिजे पण वर-खाली खेळता कामा नये. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि मग तू कार्बोरेटर सोन्याचा लावलास तरी स्लो लागणार नाही.

एअर फिल्टर झटकून बघ. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे का तेही बघ. पाइप काढून बाटलीत पेट्रोल सोड, धार सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत गेली तर झाकणात दोष. तुझ्या लक्षणांशी याचा संबंध कमी आहे, पण दोन मिनिटांचं काम आहे. आणि सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे मिळतो तो सांधा नक्की तपास. तिथून बाहेरची हवा आत शिरली तरी मूठ सोडल्यावर असेच फटाके येतात आणि माणूस उगाच कार्बोरेटरच्या मागे लागतो. तुझा सायलेन्सर कंपनीचाच आहे ना? पंजाबी किंवा ग्लासवूल लावला असशील तर ते लिहायला हवं होतंस. उघडा सायलेन्सर लावला की हवेचा सगळा हिशेब बदलतो. मला तर बुलेटचा मूळ आवाज बदलणं पटतच नाही. शेजारच्या घरात लहान मूल झोपलेलं असतं, आजारी माणूस असतं, त्यांनी आपल्या हौसेसाठी का दचकावं?

आता एअरची तपासणी. इंजिन स्लोवर ठेव, चोकने धरावं लागलं तरी चालेल, आणि फवारणीच्या बाटलीने कार्बोरेटर-हेडच्या सांध्यावर साधं पाणी मार. रेस क्षणभर बदलली की तिथून हवा जाते. पेट्रोल मारून बघणारे लोक मी पाहिलेत. तू तसलं काही करू नकोस, गरम हेडवर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. सांधा गळत असेल तर पॅकिंग आणि ओ-रिंग नवी घाल. जुन्या रबरांचं इथेनॉलशी जमत नाही, ती फुगतात नाहीतर तडकतात. दोन नटांनी कचकवून आवळून आवळून फ्लँज मधून वाकलेला असण्याची शक्यताही आहे. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेव, त्यावर फ्लँज हलक्या हाताने गोल घास. सगळीकडे सारखी चमक आली की सपाट झाला. परत बसवताना दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळ.

हे सगळं ठीक निघालं की मग कार्बोरेटर उतरव. कॉक बंद कर, वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढ आणि उजेडात धर. तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागेल, नुसता कार्बोरेटर धुऊन भागणार नाही. पायलट जेट हा मेन जेटच्या शेजारी, खोल भोकात बसलेला असतो. त्याच्या खाचेत बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर लाव. बारीक लावलास तर पितळेची कड तुटेल आणि मग रडायची पाळी. बाहेर काढून सूर्याकडे धरून बघ. गोल, स्वच्छ उजेड दिसायला हवा. चंद्रकोर दिसली किंवा काहीच नाही दिसलं तर चोर सापडला.

साफ करताना एक गोष्ट हात जोडून सांगतो: क्लचच्या वायरीची तार जेटमध्ये घालू नकोस. आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात ती तार खिळ्याला टांगलेली असते आणि तिने आजवर लाखो जेट खराब केले असतील. पितळ मऊ, तार पोलादी. भोक किंचित मोठं होतं, ते डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिनाला दिसतं, आणि मग जेटवरचा नंबर कायमचा खोटा ठरतो. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजव, पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मार. फारच हट्टी असेल तर मासेमारीच्या गळाचा नायलॉन धागा वापर, खासी लोकांच्या बाजारात तो तुला सहज मिळेल. कार्बोरेटरच्या अंगात पायलटच्या वाटेची बारीक भोकं असतात, त्यांतूनही हवा मार आणि दुसऱ्या टोकाला बोट धरून ती बाहेर येते का बघ. हे करणारे फार थोडे. जेट चकचकीत, आणि वाट मात्र बुजलेली, असं हमखास घडतं.

मोठा मेन जेट काढून जुना परत घाल. जुना फेकून दिला नसशील अशी आशा आहे. फेकला असेल तर त्यावरचा नंबर मेकॅनिकला विचार आणि अस्सल मिकुनी पद्धतीचाच घे. प्रत्येक कंपनीचे नंबर एकसारखे नसतात. मिकुनीचा षट्कोनी जेट त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावरून मोजतात, काही कंपन्या भोकाचा व्यास मोजतात, तेव्हा नंबर तोच असला तरी जेट तोच नसतो. बाजारातल्या नकली किटमध्ये तर नंबर छापायचा म्हणून छापलेला असतो. सुईची क्लिप मधल्या खाचेत आहे म्हणालास, ती तिथेच राहू दे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज जेट, स्क्रू, क्लिप सगळं हलवलंस आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते तुला कधीच कळणार नाही. बिघडली तर परत कुठे यायचं तेही नाही.

एअर स्क्रूचं मात्र बारकाईने वाच. इथेच लोक घोळ घालतात. तो आतपर्यंत हलक्या हाताने बंद कर. टेकला की थांब, आवळलास तर त्याचं टोक चेपेल. तिथून दीड आटा बाहेर काढ. गाडी बसव आणि चोक पूर्ण बंद करून चांगली आठ-दहा किलोमीटर फिरवून आण. थंड इंजिनावर लावलेलं स्लो गरम झाल्यावर बदलतं. मग स्लोचा स्क्रू थोडा वर करून रेस जरा चढी ठेव आणि एअर स्क्रू पाव आटा फिरव, थांब, ऐक, पुन्हा पाव आटा. बुलेटला ऐकायला वेळ द्यावा लागतो, तिचं फ्लायव्हील जड आहे, उत्तर उशिरा येतं. जिथे रेस सगळ्यात चढी आणि एकसारखी लागते तिथे स्क्रू सोड आणि स्लोचा स्क्रू खाली आण. मग परत एकदा हेच कर.

तुझ्या कार्बोरेटरला हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, तो हवा मोजतो. बाहेर काढला की हवा वाढते, गाडी लीन होते. आत घातला की रिच. नंतरच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरांना स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तो मिश्रण मोजतो आणि तिथे सगळं उलट: बाहेर काढला की रिच. भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला असं लिहिलंयस, त्यातली गाडी कुठली होती ते बघ. त्याप्रमाणे तुझा स्क्रू फिरवलास तर उलट्या दिशेने जाशील.

स्क्रू कुठे स्थिरावतो त्यातही अर्थ आहे. एक ते दोन आट्यांमध्ये कुठेही बसला तर पायलट ठीक. अर्ध्या आट्याच्या आत घालावा लागला तर इंजिन अजून पेट्रोल मागतंय: एकतर वाट नीट मोकळी झालेली नाही, किंवा एअर राहिली आहे, किंवा आजच्या पेट्रोलला एक नंबर मोठा पायलट हवा आहे. ही शेवटची शक्यता मी नाकारत नाही. इथे दोन-तीन मित्रांच्या जुन्या गाड्यांना तो बदल करावा लागला आणि त्या सुखी झाल्या. अडीच-तीन आटे बाहेर गेला तर पायलट मोठा.

गाडी जुनी आहे म्हणून एवढं सांगून ठेवतो की सुई वर्षानुवर्षं घासून तिची नळी लंबगोल होते आणि मधल्या रेसवर पेट्रोल जास्त जायला लागतं. बाकी सगळं ठीक असून ॲव्हरेज येत नसेल तर तिथे बघू. आज नको.

स्लो लागलं की पुढच्या रविवारी प्लग वाचायला नीघ. मुठीवर पांढरी चिकटपट्टी लाव, शेजारच्या स्थिर भागावर बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा कर. आपल्याला वाटतं अर्धी मूठ आहे आणि असते पाव. जुना प्लग साफ करून ठेव, नवा लाव. मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या मुठीवर एखादा किलोमीटर चालव, मागचं पुढचं बघून क्लच दाब आणि चावी बंद कर. बंद इंजिनाने कडेला थांब. प्लग फडक्याने धरून काढ, भाजेल. मग तसंच पूर्ण मुठीवर, नाँगपोहहून वर येताना, वर सपाटीला थांबायला जागा बघून. वहिनी मागे असतील तेव्हा हे करू नकोस. पोर्सेलिन बिस्किटी रंगाचं आलं तर उत्तम, पांढरंफटक आलं तर लीन, काजळी आली तर रिच. २००० साली शिसं असलेलं पेट्रोल देशभर बंद झाल्यापासून रंग पूर्वीसारखे उठून दिसत नाहीत, एका फेरीत तर नाहीच. तेव्हा टोकाकडे न बघता पोर्सेलिन आत जिथे धातूला मिळतं त्या तळाच्या कड्याकडे बघ, भिंग असेल तर भिंगातून. खरी नोंद तिथे असते.

तू शेवटी विचारलंयस की एवढी खटपट कशाला, फ्युएल इंजेक्शनची नवी घेऊ का. घ्यायची तर घे, रे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि कार्बोरेटर जवळपास संपला, त्यात हवेचा फायदाच आहे. नव्या गाडीच्या सायलेन्सरमधला सेन्सर दर क्षणाला ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल आपोआप कमीजास्त होतं, शिलाँग काय आणि डावकी काय, तिला फारसा फरक पडत नाही. उद्यमनगरातली नवी पोरं स्कॅनर लावून दोष सांगतात आणि चांगलं काम करतात. पण तुझ्या वडिलांची ही बुलेट विकून नवी घेऊ नकोस. जी यंत्रं अजून रस्त्यावर आहेत ती समजणारी माणसंही रस्त्यावर राहायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. कार्बोरेटरमध्ये लपलेलं काही नसतं. पितळेचे चार तुकडे, एक वाटी, तिच्यात तरंगणारा फ्लोट, एक सुई. एका दुपारी तुला तो सगळा समजेल, आणि मग तिथला कुणीही मेकॅनिक काय सांगतो ते तुला तोलून बघता येईल. शक्य झालं तर पहिल्या मेकॅनिकलाच सोबत घेऊन हे काम कर. त्याने लीन ओळखलं होतं, माणूस कानाचा चांगला आहे. त्याला फक्त कुठल्या रेसवर कुठला जेट ते दाखव.

पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करायच्या आधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव, म्हणजे वाटी रिकामी होईल, आणि टाकी काठोकाठ भर, म्हणजे आत दमट हवेला जागा राहणार नाही. 

आईने तुझ्यासाठी काळं तिखट बांधून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात पार्सल करतो. त्याच खोक्यात ओ-रिंगा, फ्लँजचं पॅकिंग आणि अस्सल पायलट जेट टाकतो, आहे तो नंबर आणि त्याहून एक मोठा. म्हणून उलट टपाली आधी एवढं कळव: तुझ्या पायलटवर नंबर काय आहे, आणि वाटीतल्या पेट्रोलखाली पाणी निघालं का.

तुझा,
राजू